इंजिनचं काम करायचं की इंजिन बदलायचं?

गाडीचं इंजिन गेलं की घरात ताबडतोब दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "जुनं ते सोनं, चांगला मिस्त्री बघा, रिंगा टाका, गाडी अजून दहा वर्षं पळेल." दुसरा पक्ष म्हणतो, "किती दिवस ढकलणार? इंजिन बदला, नाहीतर गाडीच विका." तिसरा पक्ष म्हणजे ज्याच्या खिशातून पैसे जाणार तो. तो बिचारा गप्प असतो, कारण त्याच्याकडे मत नसतं, बजेट असतं!

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना मेसची घंटा ऐकू आली असेल त्यांनी पान उलटायला हरकत नाही. पैसे कमी असतील तर बहुतेक वेळा आपलं स्वतःचं इंजिन उघडून, मोजून, नीट दुरुस्त करणंच परवडतं. सगळ्यात महाग पडतं ते 'आत्तापुरतं' केलेलं काम. आणि इंजिन न मोजता दिलेला सल्ला, मग तो मिस्त्रीचा असो, शेजाऱ्याचा असो की आपल्या एखाद्या टॉपरचा, त्याला फारशी किंमत देऊ नये.

आता हा विषय मलाच का सुचला? मी वाकोल्याची. वाकोला ब्रिजखालून पूर्वेला वळून कलिनामार्गे निघालं की थोड्या वेळात कुर्ल्याचा सी. एस. टी. रोड लागतो. (या सी. एस. टी.चा छत्रपती शिवाजी टर्मिनसशी संबंध नाही बरं का! इथून १९२८ ते १९३४ या काळात 'सेंट्रल सालसेट ट्रामवे' नावाची रेल्वे धावत होती, तिचं हे नाव.) आज तो रस्ता म्हणजे जुन्या गाड्यांचं आणि पार्टचं मोठं मार्केट. दरवाजे, बंपर, गिअरबॉक्स आणि ओळीने मांडलेली काळी, तेलकट इंजिनं. लहानपणी स्कूलबसच्या खिडकीतून मी ती मोजायचे. पुढे मेकॅनिकलला अॅडमिशन घेतली. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मराठी लिहिताना माझं पेन अजून अडखळतं, पण हा विषय मला इंग्रजीत सुचतच नाही. पुस्तकात 'कॉम्प्रेशन रेशो' असतो, गॅरेजमध्ये मात्र "काम निघालंय" असं एकाच वाक्यात सगळं सांगितलं जातं.

आधी मुंबईच्याच एका इंजिनची गोष्ट सांगते. आपल्या काळ्या-पिवळ्या 'पद्मिनी' टॅक्सीचं इंजिन. प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली, तीच पुढे सत्तरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. चार सिलिंडर, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर. गणित करून बघा, १०८९ सीसी येतात. या इंजिनाने मुंबईत काय काय सोसलं! दिवसपाळी-रात्रपाळी दोन ड्रायव्हर, घाटकोपर-अंधेरीचं ट्रॅफिक, जुलैचं पाणी. पुढे प्रदूषणाच्या प्रश्नावर उच्च न्यायालयाचे आदेश आले आणि २००० नंतरच्या वर्षांत टॅक्स्या सी. एन. जी.वर गेल्या. म्हणजे पेट्रोलसाठी बनवलेल्या जुन्या इंजिनांना आता गॅसवर चालावं लागलं.

मग ही इंजिनं टिकली कशी? बोअर करून करून! सिलिंडरची भिंत झिजली की ती थोडी मोठी कापायची आणि तेवढाच मोठा, म्हणजे ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा. पहिल्या वेळी पाव मिलिमीटर, नंतर अर्धा, मग पाऊण, मग एक. समजा एक मिलिमीटरपर्यंत गेलो, तर बोअर होतो ६९ आणि इंजिन होतं जवळजवळ ११२२ सीसी. कागदावर १०८९, प्रत्यक्षात ११२२. वय वाढेल तसं इंजिन मोठं होत गेलं! पुढे भिंत आणखी कापायला जागा उरली नाही की आत लाइनर ठोकायचा आणि पुन्हा ६८ पासून सुरुवात.

मुद्दा असा, की या टॅक्स्या इंजिन मेलं म्हणून गेल्या नाहीत. २००१ च्या सुमारास पद्मिनीचं उत्पादन थांबलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आर. टी. ओ.त २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर एकही पद्मिनी टॅक्सी उरली नाही. तिची मुदत संपली ती आर. टी. ओ.च्या कागदावर. यातून एक धडा घ्यायचा. इंजिनवर खर्च करण्याआधी इंजिनचं आयुष्य बघायचं तसं कागदाचंही बघायचं. टॅक्सीची दोनच वर्षं उरली असतील तर तिच्यात पाच वर्षांचं इंजिन घालणं म्हणजे भाड्याच्या खोलीत संगमरवर बसवणं!

आता आजचं उदाहरण घेऊ. आमच्या चाळीत एक काका टॅक्सी चालवतात. छोटी सी. एन. जी. गाडी, नऊ वर्षांची. मागच्या वर्षी चढावर पिकअप गेला, सायलेन्सरमधून निळा धूर यायला लागला आणि दर आठवड्याला ऑइल टाकावं लागायला लागलं. वाकोला ते एअरपोर्ट हा त्यांचा रोजचा धंदा. प्रवासी धूर बघून दुसऱ्या टॅक्सीकडे वळायचे. त्यांनी तीन ठिकाणी विचारलं आणि तीन उत्तरं मिळाली. आकडे सोयीसाठी गोल करून देते, कारण गाडीगणिक आणि गॅरेजगणिक दर बदलतात.

पहिला म्हणाला, "नुसत्या रिंगा टाकू, व्हॉल्व्ह घासू. १८ हजार. चार दिवसांत गाडी देतो." हे काम साधारण आठ महिने निघेल, असं तो स्वतःच म्हणाला. प्रामाणिक माणूस!

दुसरा म्हणाला, "पूर्ण इंजिन खोलू. बोअर, नवे पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, बेअरिंग, हेडचं सगळं काम. ५८ हजार. बारा दिवस." नीट केलं तर तीन वर्षं बघायला नको.

तिसरा म्हणाला, "कशाला खोलता? सी. एस. टी. रोडवरून चालू कंडिशनचं इंजिन आणू, ४२ हजारांत बसवून देतो. चार दिवस." किती टिकेल? त्यावर त्याने वर आकाशाकडे बोट दाखवलं.

काकांच्या हातात तेव्हा २५ हजार होते. त्यामुळे त्यांचं मत अर्थातच पहिल्याच्या बाजूने होतं. मी सुट्टीत घरी होते, म्हणून आम्ही वहीत हिशेब मांडला. नुसता बिलाचा आकडा बघायचा नाही, गाडी उभी राहील त्या दिवसांचं बुडणारं उत्पन्नही धरायचं. काकांच्या हातात खर्च जाऊन दिवसाला ९०० रुपये पडतात. मग एकूण खर्चाला काम किती महिने टिकेल त्या आकड्याने भागायचं.

पहिला मार्ग : १८,००० अधिक चार दिवसांचे ३,६००, म्हणजे २१,६००. भागिले ८ महिने. महिना २,७०० रुपये.

दुसरा मार्ग : ५८,००० अधिक बारा दिवसांचे १०,८००, म्हणजे ६८,८००. भागिले ३६ महिने. महिना साधारण १,९११ रुपये.

तिसरा मार्ग : ४२,००० अधिक चार दिवसांचे ३,६०० अधिक कागदपत्रांचे समजा ३,०००, म्हणजे ४८,६००. इंजिन चांगलं निघून ३० महिने चाललं तर महिना १,६२०, सगळ्यात स्वस्त! पण सहाच महिन्यांत बसलं तर महिना ८,१००. दोन्हीची शक्यता सारखी धरली तर सरासरी १८ महिने, म्हणजे पुन्हा महिना २,७००.

गंमत बघा, बिलात सगळ्यात स्वस्त दिसणारा मार्ग आणि 'नशीब' नावाचा मार्ग, दोन्ही महिन्याला २,७०० वरच आले. आणि ज्या आकड्याला काका घाबरत होते तो सगळ्यात कमी निघाला. प्रॉब्लेम एवढाच, की ५८ हजार आज हवेत आणि खिशात २५ आहेत. या मुद्द्याकडे मी शेवटी येते, कारण माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

पण थांबा! हा सगळा हिशेब एका गोष्टीवर उभा आहे, इंजिनमध्ये नेमकं काय झिजलंय यावर. ते न बघता ५८ हजारांचं काम काढणं हाही मूर्खपणाच. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय एवढंच. ते रिंगांमधून वर येतंय की व्हॉल्व्हच्या सीलमधून खाली गळतंय, हे धूर सांगत नाही. सील गेले असतील तर काम थोडक्यात निभावतं. म्हणून मापं घ्यायची, आणि ती याच क्रमाने, कारण पहिल्या मापांना जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

एक, ऑइलची काडी आणि रेडिएटरचं झाकण. ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर कूलंट आत मिसळतंय. हेड गॅस्केट गेलंय किंवा कुठेतरी तडा आहे.

दोन, कॉम्प्रेशन टेस्ट. प्लग काढायचे, गेज लावायचा, स्टार्टर फिरवायचा. काकांच्या गाडीत चार सिलिंडरांचं रीडिंग आलं १६०, १५५, ११० आणि १०५ पी. एस. आय. आकडा किती हे महत्त्वाचं आहेच, पण चार सिलिंडरांमधला फरक जास्त बोलका असतो.

तीन, ज्या सिलिंडरचं रीडिंग कमी आहे त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा टेस्ट. रीडिंग चढलं तर रिंगा आणि बोअर झिजलेत, कारण ऑइलने ती फट तेवढ्यापुरती बुजवली. जागचं हललं नाही तर व्हॉल्व्ह संशयित. सी. एन. जी. गाडीत व्हॉल्व्ह आणि त्यांच्या सीटवर जास्त संशय घ्यायचा, कारण गॅस कोरडा असतो, पेट्रोलसारखा ओलावा तो सीटला देत नाही. काकांच्या तिसऱ्या सिलिंडरचं रीडिंग ११० वरून १४५ वर गेलं. म्हणजे रोग खाली होता.

चार, मग हेड उघडायचं. हेडवर सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेज घालून बघायचं, हेड वाकलंय का. अॅल्युमिनियमचं हेड एकदा चांगलं तापलं की वाकतं.

पाच, बोअर गेजने सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांना मोजायचा. वरती, जिथे रिंग थांबून उलटी फिरते, तिथे झीज जास्त असते. सिलिंडर असा निमुळता किंवा अंडाकार झाला असेल तर त्यात नव्या रिंगा टाकणं म्हणजे वाकड्या चौकटीत सरळ दार बसवणं. आठ महिने का टिकतात, याचं उत्तर इथे आहे. गोल रिंग अंडाकार भोकात किती दिवस बसणार?

काकांच्या गाडीचा बोअर मर्यादेबाहेर गेला होता, पण अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइजमध्ये साफ होत होता. क्रँक पहिल्याच ग्राइंडिंगमध्ये बसत होता. ब्लॉकला तडा नव्हता. निर्णय झाला. लेथवर ही मापं घेणाऱ्या माणसाने कोणत्याही कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं, पण शंभरावा भाग मिलिमीटर तो बोटांवर बोलत होता. आपल्यातले कितीजण मेट्रॉलॉजीचं रीडिंग मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवतात, ते सर्वांना माहीत आहे. असो.

आता दुसऱ्या बाजूलाही न्याय द्यायला हवा. इंजिन बदलणं हाच शहाणपणा असतो, अशा केसेस आहेत. कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला असेल, ब्लॉकला मोठा तडा असेल, क्रँक शेवटच्या अंडरसाइजच्याही पलीकडे गेला असेल, किंवा त्या मॉडेलचे पिस्टन-बेअरिंग मिळतच नसतील, तर दुरुस्तीचा हट्ट धरू नये. काही गाड्यांना कंपनीकडून नवं 'हाफ इंजिन' मिळतं, म्हणजे ब्लॉक, क्रँक आणि पिस्टन बसवून तयार. हेड आपलं जुनंच. पैसे जमत असतील तर तो उत्तम मार्ग, कारण त्यात नशीब येत नाही.

आणि पुराचं पाणी! आमच्या वाकोल्याच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वाकोला नाला मिठी नदीला मिळतो, आणि त्या दिवशी मिठीनेच पाणी मागे ढकललं. माझा जन्म त्याच वर्षीचा, त्यामुळे मी ती गोष्ट ऐकत ऐकतच मोठी झाले. पाणी उतरल्यावर अनेकांनी काय केलं? गाडीत बसून चावी फिरवली. तिथेच इंजिन संपलं.

कारण साधं आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. समजा एक लिटरचं, चार सिलिंडरचं इंजिन आहे आणि कॉम्प्रेशन रेशो १०. एका सिलिंडरचे २५० सीसी. पिस्टन वर पोचल्यावर उरणारी जागा २५० भागिले ९, म्हणजे फक्त २८ सीसी. कटिंगच्या ग्लासात याहून जास्त चहा असतो! तेवढं पाणी आत असेल तर पिस्टनला वर जायला जागा नाही, आणि रॉड वाकतो. म्हणून गाडी बुडाली असेल तर चावीला हात लावायचा नाही. बॅटरी काढायची, टो करून न्यायची, प्लग काढून इंजिन हाताने फिरवायचं. पाणी बाहेर आलं, रॉड सरळ असले आणि ऑइल दोनदा बदललं, तर इंजिन वाचू शकतं. हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये बाइक ठेवणाऱ्यांनी हा परिच्छेद कापून कपाटावर चिकटवावा. बाइकलाही हाच नियम. विम्याचंही बघून ठेवा. साध्या पॉलिसीत पाण्याने खराब झालेल्या इंजिनवरून वाद होतात, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं.

जुन्या बाजारातलं इंजिन घ्यायचंच असेल तर दोन गोष्टी बघा. पहिली, इंजिन नंबर. तो आर. सी.वर छापलेला असतो. इंजिन बदललं की आर. टी. ओ.त नोंद आणि विमा कंपनीला कळवणं आलंच. बिल नाही, मूळ गाडीच्या आर. सी.ची कॉपी नाही, नंबर घासलेला आहे, असं असेल तर इंजिन फुकट मिळालं तरी घेऊ नका. चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस स्टेशनच्या फेऱ्या तुमच्या. दुसरी, ज्या कॉम्प्रेशन टेस्टबद्दल वर लिहिलं ती बाजारातच करून मागा. सरळ माणूस करून देतो. जो म्हणतो "गॅरंटी मेरी जबान", त्याला नमस्कार करून पुढे चला.

यावर काहीजण म्हणतील, "या सगळ्या खटपटीपेक्षा नवी गाडी घ्या. जुन्या गाड्यांनी प्रदूषण होतं." मुद्दा खोटा नाही. निळा धूर सोडत फिरणारी गाडी कुणालाच नको, आमच्या वाकोल्याच्या हायवेलगतच्या इमारतींना तर नकोच नको. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने कमी करता येतील का, याच्या अभ्यासासाठी समिती नेमायला सांगितलं. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या मोटारीची नोंदणी नव्याने करण्याची फी ६०० वरून ५,००० झाली. दिशा स्पष्ट आहे. पण धूर सोडणारी गाडी नीट दुरुस्त केली की धूर थांबतो, आणि 'आत्तापुरत्या' रिंगा टाकल्या की आठ महिन्यांत परत सुरू होतो. म्हणजे प्रदूषणाच्या हिशेबातही वाईट मार्ग तोच. आणि गाडीचा पत्राच खारट हवेने कुजला असेल, खालून चॅसिस खाल्लेला असेल, तर मीही म्हणेन की इंजिनला हात लावू नका. गाडी आधी खालून बघावी, मग बॉनेट उघडावं.

आता तो राहिलेला मुद्दा. बजेट, बजेट आपण म्हणतो, पण बजेट म्हणजे नेमकं काय? ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्यासाठी बजेट म्हणजे 'काय परवडेल'. ज्याच्याकडे नाहीत त्याच्यासाठी बजेट म्हणजे 'आज हातात काय आहे'. हातात १८ हजार असले की माणूस १८ हजारांचं काम करतो, आठ महिन्यांनी पुन्हा १८ हजारांचं, आणि तीन वर्षांत ५८ हजारांच्या वर कधी गेला ते त्याला कळतही नाही. त्याला अक्कल नसते असं नाही, त्याला एकरकमी पैसे मिळत नाहीत. गरिबाला वस्तू महाग पडते ती अशी.

काकांनी पतपेढीतून ३५ हजार काढले. पिस्टन उशिरा आले, बाराचे पंधरा दिवस झाले. ते जास्तीचे तीन दिवस आणि साडेतीन हजारांच्या आसपास व्याज धरलं तर खर्च ७५ हजारांवर गेला. तरीही महिना २,०८३ रुपये, २,७०० पेक्षा कमीच. पण हे फुकट झालं नाही. हप्त्यांमुळे त्या वर्षी काकांचं कुटुंब गणपतीला गावी गेलं नाही. काकू अजून ते बोलून दाखवतात. गाडी मात्र धूर न सोडता चालतेय. वहीतला हिशेब बरोबर आला म्हणून त्या सुट्टीची भरपाई होत नाही, हेही इथे लिहायला हवं.

म्हणून माझी एक सूचना आहे, स्टाफने आणि एच. ओ. डी. सरांनी ती वाचावी. आपल्या आय. सी. इंजिन लॅबमध्ये कॉम्प्रेशन गेज आहे. मेट्रॉलॉजी लॅबमध्ये बोअर गेज, मायक्रोमीटर, फीलर गेज आहेत. ते बहुतेक वेळा प्रॅक्टिकलची परीक्षा असली की कपाटाबाहेर येतात. महिन्यातला एक शनिवार आपण 'इंजिनची ओ. पी. डी.' उघडूया. मेसमधले मामा, वॉचमन काका, गेटबाहेरचे रिक्षावाले, ज्यांची गाडी म्हणजे त्यांची रोजीरोटी आहे, त्यांच्यासाठी. दुरुस्ती आपण करायची नाही, तो आपला अधिकारही नाही आणि तेवढा हातही बसलेला नाही. आपण फक्त मोजायचं, लॅब असिस्टंट सरांच्या समोर. आणि एका कागदावर साध्या मराठीत लिहून द्यायचं : कोणत्या सिलिंडरचं रीडिंग किती, ऑइल टाकल्यावर किती, संशय कशावर, आणि वरचा तो महिन्याचा हिशेब. तो कागद हातात असला की मिस्त्रीशी बोलताना माणूस अंदाजाने बोलत नाही. पतपेढीत कर्ज मागतानाही 'इंजिनचं काम आहे' एवढ्यापेक्षा तो कागद जास्त उपयोगी पडेल.

कोणी म्हणेल, याने सिलॅबस बुडेल. उलट, रिक्षावाला समोर उभा असताना रीडिंग मागच्या जर्नलमधून उतरवता येणार नाही! चार वर्षांत आपण इंजिन डिझाइन करायला शिकतो. ज्याचं इंजिन थकलंय आणि खिसा रिकामा आहे, त्याला खरं उत्तर द्यायलाही शिकायला काय हरकत आहे? फॉर्म मी तयार केलाय, लेडीज हॉस्टेलच्या नोटीस बोर्डाखाली ठेवते आहे. पहिल्या शनिवारी यायला कोण तयार आहे, त्यांनी नाव लिहावं. येताना जुने कपडे घालून या, ऑइलचे डाग मेसच्या साबणाने जात नाहीत.